द्वारकाबाईंच्या जिनातला बेंड

द्वारकाबाईंनी मला आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल माझ्या हातून काही चांगलं लिहिलं गेलं, तर ते माझ्या मनाच्या मोठेपणामुळे आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील. माझी बायको म्हणते, मन मोठं असतं तर ही गोष्ट मी तिला इतक्या वेळा ऐकवली नसती. पण बायकोला द्वारकाबाई आवडायच्या. त्यामुळे तिची साक्ष मी धरत नाही.

मी मूळचा अमरावतीचा. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून दिव्याच्या चिमण्या करायच्या आणि बाजारात गोणपाटावर मांडून विकायच्या, इथून माझी सुरुवात. बाप नव्हता, भांडवल नव्हतं, फक्त जीभ होती. गिऱ्हाइकाने चिमणी उलटी करून पाहिली की मी त्याच्या अंगावर जायचो. तरीही धंदा वाढला. तो का वाढला हे मला आजही नीट कळलेलं नाही. कोणी विचारलं की मी 'कष्ट' असं सांगतो. महाराष्ट्र राज्य होण्याच्या चार-पाच वर्षं आधी मी अकोल्यात पत्र्याचं दुकान काढलं. कापसाच्या जिनांना, तेलघाण्यांना आणि डाळीच्या गिरण्यांना लागणारे पाइप, टाक्या, नरसाळी असा माल. दुकानावर मोठी पाटी रंगवून घेतली आणि ठरवलं की आता मला कोणी 'टिनवाला' म्हणायचं नाही. सगळ्या अकोल्याने ते पाळलं. द्वारकाबाई शेवटपर्यंत 'टिनवाले' म्हणत राहिल्या.

त्यांचा जीन रेल्वेलाइनच्या पलीकडे होता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मागे अकोल्याचा एक चालू जीन, मूर्तिजापूरला आणि बडनेऱ्याजवळ असे दोन बंद पडलेले, आणि सल्ला देणारे पुष्कळ नातेवाईक, एवढा वारसा होता. बाईंनी सल्ले ठेवून घेतले, नातेवाईक परत पाठवले आणि तिन्ही जीन चालू केले. उंच, हाडापेराने मोठी बाई. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, पायात पुरुषी वहाणा. ऑफिसात त्यांच्यासाठी लाकडी खुर्ची होती, पण तिच्यावर मुनीम बसायचा. बाई दाराबाहेर रुईच्या एका गठाणीवर बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "खुर्चीवरून समोरचा माणूस दिसते. अठून जीन दिसते."

कापसाच्या मोसमात त्या गठाणीवर बसून तीन प्रकारची माणसं एकाच वेळी सांभाळत. गाडीवाला भांडत असे, दलाल गोड बोलत असे, आणि मी ओरडत असे. बाई तिघांनाही एकच उत्तर देत. "हं."

या 'हं'ने माझं आयुष्यात जेवढं नुकसान केलं तेवढं कोणत्याही मंदीने केलं नाही. आमच्या धंद्यात भाव करायचा म्हणजे समोरच्याने काहीतरी बोलावं लागतं. तो वर जातो, आपण खाली येतो, शपथा घेतो, उठून निघून जातो, परत बोलावला जातो. द्वारकाबाई भाव बोलतच नसत. "तुमीच सांगा," म्हणत आणि वरूडकडून आलेलं एखादं संत्रं सोलायला घेत. साल काढत. मग एकेक फोड सोडवून तिच्यावरचे पांढरे धागे काढत बसत. हे काम त्या इतक्या सावकाश करत की संत्रं अर्ध्यावर येईपर्यंत मी स्वतःच एकदा उतरलेला असे. कोणी काही बोलत नाही म्हटल्यावर मला वाटे, भाव फार सांगितला की काय. मग थोडा उतरे. तरीही शांतता. मग मला राग येई, आणि रागाच्या भरात मी पुन्हा उतरे. शेवटी बाई एक फोड माझ्या हातावर ठेवत आणि म्हणत, "बरं, तुमी मनता त तसं."

म्हणे, तुमी मनता! मी काहीच म्हणत नव्हतो. ते सगळं त्या संत्र्याने म्हणवून घेतलेलं असे.

आता बेंडाचं सांगतो, कारण आमचा सगळा संबंध त्या बेंडावर उभा होता.

जिनात कापूस रेच्यांतून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांतून, गेला की रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. सरकी तेलघाणीत जायची. पूर्वी ती बाया टोपल्यांनी वाहून नेत. बाईंनी मुंबईहून एक जुना मोठा पंखा आणवला आणि सरकी वाऱ्याने पाइपातून न्यायची सोय केली. पाइप जिनाच्या भिंतीतून निघे, वर चढे, छपराच्या उंचीवर वळे आणि आवार ओलांडून घाणीच्या कोठीत उतरे. जिथे वळे तिथे बेंड. सरळ पाइपात सरकी वाऱ्याबरोबर गुमान जाते. वळणावर वारा वळतो, पण सरकी वळत नाही. ती तशीच सरळ जाऊन बेंडाच्या बाहेरच्या अंगावर आपटते. दिवसभर एकाच जागी आपटते. तिथला पत्रा आतून चकचकीत होतो, चांदीच्या वाटीसारखा, आणि एक दिवस तिथे भोक पडतं.

भोक पडल्याची पहिली खबर बकऱ्यांना लागे. सरकी कारंज्यासारखी आवारात उडू लागली की आजूबाजूच्या वस्तीतल्या बकऱ्या कुंपणातून आत शिरत. जिनात आवाज एवढा की माणसांना काही कळत नसे. बाई गठाणीवरून पाहत, बकऱ्या पळताना दिसल्या की हात वर करत, आणि पंखा बंद होई. मग घाणी बंद, मग सरकीचे ढीग, मग रेचे बंद. एका भोकापायी अख्खा जीन उभा राही.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही. आवाराच्या भिंतीकडे घेऊन गेल्या. भिंतीवर खिळे ठोकून फुटके बेंड ओळीने टांगलेले होते, एखाद्या शिकाऱ्याच्या घरी शिंगं टांगलेली असावीत तसे.

"हा नागपूरवाल्याचा," बाई म्हणाल्या. "हा मुंबईचा. हा अठलाच. हा कोनाचा ते आता आठवत नाई, पन लय बोलत होता."

त्यातला एक त्यांनी खाली काढला, तोंडातून हात आत घातला आणि भोकातून दोन बोटं बाहेर काढून माझ्याकडे पाहत हलवली.

"माझा बेंड असा फुटणार नाही," मी म्हणालो.

"तुमचा कुठी टांगायचा ते आताच पाहून ठेवा, टिनवाले."

संक्रांतीपर्यंत माझा पहिला बेंड भिंतीवर गेला. दुसरा मी दुप्पट जाड पत्र्याचा केला. तो पहिल्यापेक्षा जास्त टिकला, पण दुप्पट टिकला नाही. तो बाईंनी स्वतःच्या हाताने टांगला आणि म्हणाल्या, "जाड कातडीचा मानूस असला तरी रोज एकाच जागी बोलनं बसलं का कातडी फाटतेच, भाऊ."

मी म्हणालो, पंख्याची गती कमी करा. त्या म्हणाल्या, गती कमी केली की सरकी पाइपात बसते, आणि मग पाइप ठोकत बसायला तुम्ही येणार का. हे त्यांनी करून पाहिलेलं होतं. आमचं मोठं भांडण झालं. म्हणजे मी भांडलो.

पण बाईंचं सगळंच असं टोकाचं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. गेटवर सुखदेव म्हणून एक माणूस होता. गाड्या आत घ्यायच्या, रांग लावायची, मापाच्या काट्याजवळ उभं राहायचं, हे त्याचं काम. नागपूरला बौद्ध दीक्षा घेऊन आला तसं त्याने गेटच्या खोलीतलं देवाचं कॅलेंडर उतरवून मुनीमाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मुनीम गडबडला. गाडीवाल्यांत कुजबुज सुरू झाली. आता बाई काय करतात ते पाहायला मीसुद्धा, काही काम नसताना, थांबलो. बाई खोलीत गेल्या, भिंतीवर उरलेल्या खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुखदेवराव, खिया रिकामा कायले ठेवता? तुमाले पायजे तो फोटो लावा न तठी." तोपर्यंत सगळे त्याला 'सुक्या' म्हणत. त्या दिवसापासून आवारात ते नाव ऐकू आलं नाही, कारण बाईंनी ते नाव पुन्हा घेतलं नाही आणि घेणाऱ्याकडे त्या अशा पाहत की त्याचा आवाज जाई. यावर त्यांनी कधी भाषण केलं नाही. मी असतो तर केलं असतं.

आता मुहूर्ताची गोष्ट.

मोसमाची पहिली गाडी जिनात आली की बैलांना कुंकू लावायचं, काट्याची पूजा करायची, नारळ फोडायचा आणि पहिल्या गाडीवाल्याला टोपी-उपरणं द्यायचं, अशी रीत. त्या वर्षी बरेच लोक जमले होते. दलाल, गाडीवाले, दुसऱ्या जिनांचे मालक, आणि पत्र्याच्या धंद्यातले माझे दोन वैरी. आदल्याच दिवशी मी नवा बेंड बसवला होता. साधाच. पेढे वाटता वाटता एका दलालाने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, अवंदा कोनाचा टांगता?"

 बाईंनी भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

मला काय झालं मला माहीत नाही. माहीत आहे, पण ते मला दर आठवड्याला होत असे. मी हातातला पेढा खाली टाकला आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "हा बेंड शिमग्याच्या आत फुटला तर मी अकोल्यात दुकान ठेवणार नाही. अमरावतीला परत जाईन आणि चिमण्या करीन."

 बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"आन् नाई फुटला त?"

"तर तुमच्या तिन्ही जिनांचं पत्र्याचं काम माझं. दुसऱ्या कोणाला बोलवायचं नाही."

"हाव," बाई म्हणाल्या.

संत्रं नाही, 'हं' नाही, सरळ 'हाव'. मला कळायला हवं होतं. मग त्यांनी गेरू मागवला, शिडी लावून घेतली, आणि त्या वयाच्या बाईने शिडीवर चढून बेंडाच्या दोन्ही जोडांवर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. "आता याले शिमग्यालोग हात लावाचा नाई. रेघ तुटली त शर्त तुटली."

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग खास बेंड बनवला असंन तुमी." मी म्हणालो, नाही, साधाच आहे. तिने विचारलं, अमरावतीत आपलं जुनं घर भाड्याने मिळेल का.

बेंडाला हात लावता येत नव्हता. पंख्याला हात लावता येत नव्हता. मग राहिलं काय? बेंडातून जाणारी सरकी. मी घाणीच्या कोठीत, जिथे पाइप उतरतो तिथे, जाऊन उभा राहिलो. सरकी बदाबदा पडत होती. ओंजळीत घेऊन पाहिली तर सरकीच्या खाली हाताला खर लागली. रेती. मऊ सरकी पत्र्याला काही करत नव्हती. तिच्यासोबत वाऱ्यावर चढून आलेली रेती पत्रा खात होती. आणि ही रेती कुठून येते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाजारात सौदा झाला की कापूस मापाला जिनात येतो. मापात वजन भरावं म्हणून कापसाला पाणी मारायचं, आणि पाणी मारलेल्या कापसाला जी माती-रेती चिकटेल ती चिकटू द्यायची, थोडी आपणही चिकटवायची, ही विद्या सगळ्या तालुक्यात चालत होती. मी स्वतः चिमणीच्या बुडात कथलाचा जादा डाग भरून वजन दाखवलेला माणूस. मला ही विद्या लांबून वास येऊन कळते.

दुसऱ्या दिवसापासून मी गेटवर उभा राहू लागलो.

गाडी आली की मी कोपरापर्यंत हात गाडीत घाली, तळाचा कापूस उपसून काढी आणि तळहातावर झटकी. रेती पडली की आरडाओरडा सुरू. दर्यापूरकडचा एक म्हातारा शेतकरी मला आजही आठवतो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुमी जिनाचे कोन?"

"कोणी नाही."

"मुनीम?"

"नाही."

"दलाल?"

"नाही म्हटलं ना."

"मंग कायले बोंबलून रायले, बापा?"

 सुखदेवरावाने गंभीर तोंड करून सांगितलं, "ते बेंडाचे मालक हायेत."

म्हाताऱ्याने वर छपराकडे, बेंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बैलांना म्हणाला, "चला रे, अठी काईतरी येगळंच हाये." पण गेला नाही. द्वारकाबाईंकडे माप खरं असे आणि पैसा त्याच दिवशी मिळे, हे त्याला माहीत होतं. त्याने तळाचा कापूस बाजूला काढून झटकला. माझ्याकडे पाहत झटकला, पण झटकला.

काही दिवसांत मला वाटू लागलं की हे एकट्याने होणार नाही. मग मी माझ्या दुकानातली जाळी आणली, लोखंडी चौकट केली आणि रेच्यांच्या आधी एक मोठा तिरपा जाळीचा मंच उभा केला. कापूस त्याच्यावर टाकायचा, बायांनी काठ्यांनी बडवायचा, रेती खाली पडायची, मग कापूस पुढे जायचा. जाळी माझी, चौकट माझी, ती बसवण्याची मजुरीही माझीच. बाईंनी काही मागितलं नव्हतं. मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "बसवा न. तुमचाच बेंड हाये." खाली रेतीचे ढीग लागू लागले. एकदा ढीग दिसला नाही म्हणून मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मांगच्या गोदामाची भीत गिलाव्याले घेतली. बारीक रेती आपसूकच गाळून भेटते त कायले सोडाची?"

माझ्या दुकानात गिऱ्हाईक येऊन परत जात होतं. बायको डबा घेऊन गेटवर येई. एकदा तिने सुखदेवरावालाच विचारलं, "इनाले अठी नोकरी लागली का जी?"

"नाई वयनी," तो म्हणाला. "नोकरीत पगार असते."

गाडीवाले मला शिव्या देत, पण जिनावर मात्र कोणी रागावत नसे, याचं मला नवल वाटायचं. पुढे सुखदेवरावाकडून कळलं. मी बाहेर ज्याच्या अंगावर ओरडत असे, त्याला बाई आत बोलावून चहा देत. म्हणत, "मनावर घेऊ नोका, भाऊ. तो मानूस डोक्यानं जरा गरम हाये. आपल्या जिनाचा नाई, बाहेरचा हाये. पन काय करता, बेंड त्याचा हाये." शेतकरी चहा पिऊन, माझी कीव करत, पुढच्या खेपेला स्वच्छ कापूस घेऊन येई. इतकी वर्षं बाईंना हेच पाहिजे होतं आणि करता येत नव्हतं. त्यांनी स्वतः कडक व्हायचं म्हटलं असतं तर गाड्या शेजारच्या जिनात गेल्या असत्या. त्यांना एक बाहेरचा तापट माणूस हवा होता, आणि तो मुहूर्ताच्या दिवशी, पेढा टाकून, आपल्या पायाने चालत आला. त्या वर्षी त्यांच्या रुईला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सगळ्यांच्या वर भाव दिला. मी ते ऐकलं आणि जेवलो नाही. तरी दुसऱ्या दिवशी गेटवर गेलो, कारण बेंड अजून वरच होता.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मोसम उरकत आला होता. मुहूर्ताला होते तेवढेच लोक पुन्हा जमले. माझे दोघे वैरी तर नवे कपडे घालून आले होते. पंखा बंद झाला. गेरूच्या रेघा शाबूत होत्या. जोड सोडले, बेंड खाली उतरवला आणि बाईंच्या समोर गठाणीवर ठेवला.

भोक नव्हतं.

पण मी बाहेरचं अंग पाहिलं. पत्रा इतका झिजला होता की त्यातून उजेड यायचाच तेवढा बाकी होता. बाईंनी तो उचलला, कडेने फिरवला, उन्हात धरला. मग त्याच झिजलेल्या जागी अंगठा ठेवला. पत्रा पापडासारखा आत गेला. अंगठा थोडा जास्त दाबला असता तर तिथे भोक पडलं असतं, आणि बेंड फुटका निघाला असं म्हणायला त्यांना कोणी हरकत घेतली नसती. माझं दुकान, पाटी, बायकापोरं, सगळं त्या अंगठ्याखाली होतं. मी ओरडायचंही विसरलो. माझ्या ओळखीच्या लोकांच्या मते अकोल्यात हे पहिल्यांदाच घडलं.

बाईंनी अंगठा उचलला.

"नाई फुटला," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहत उभा राहिलो. आणखी काहीतरी म्हणतील. बेंड चांगला होता, निदान टिनवाल्याने मेहनत केली, असं काही.

"काय पायता?" बाई म्हणाल्या. "नाई फुटला मनलं न. तिन्ही जिनाचं काम तुमचं." आणि लोकांकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का सगळ्याईनं?"

माझ्या वैऱ्यांची तोंडं पाहून मी एवढा फुगलो की बाईंचं पुढचं वाक्य मला नीट ऐकूच आलं नाही. "मूर्तिजापूरले आन् बडनेऱ्यालेही जाळीचे मंच पायजेत. अठी जसा देल्ला तसेच." मी छाती काढून म्हणालो, देऊ ना, का नाही देणार. घरी पोचल्यावर, हातपाय धुताना, माझ्या लक्षात आलं की अकोल्याचा मंच मी फुकट दिलेला आहे.

हीच ती माझी अढी. लोक म्हणतात, तुला तीन जिनांचं काम मिळालं, त्यावर तू अमरावतीत दुसरं दुकान काढलंस, मुलाला शिकवलंस, मग तक्रार कसली? तक्रार ही की त्या बाईने मला एकदाही हरवलं नाही. दर वेळी मीच मला हरवलं, आणि त्या गठाणीवर बसून पाहत राहिल्या.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्यांचं काम केलं. बेंडाला बाहेरच्या अंगाने सुटी पाठ लावायची, झिजली की तेवढीच बदलायची, हे मी पुढे काढलं. ते पाहून त्या म्हणाल्या, "हं." फुटके बेंड भिंतीवर जायचे थांबले.

साठीचं दशक संपत आलं तेव्हा बाईंचे गुडघे गेले. पुतण्याला अकोल्याच्या जागेत सिनेमाचं थेटर काढायचं होतं. मूर्तिजापूरचा आणि बडनेऱ्याचा जीन आधीच विकला गेला होता. बाई आता अमरावतीला पुतण्याच्या घरी राहणार असं ठरलं. भंगार कोणाला द्यायचं, असं पुतण्याने विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव सांगितलं.

मी तयारीने गेलो. एवढ्या वर्षांचं सगळं एका सौद्यात वसूल करायचं ठरवलं होतं. जीन बंद होता. आवारात एकही गाडी नव्हती. लहानमोठे पाइप खाली उतरवून ठेवले होते. गठाणी नव्हत्या, त्यामुळे बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि ते मला बघवलं नाही. मी मुद्दाम हलका भाव सांगितला. इतका हलका, की ऐकणाऱ्याला राग यावा.

"बरं," बाई म्हणाल्या.

"बरं म्हणजे?"

"बरं मनजे बरं. न्या."

"बाई, पाइपांचा पत्रा जाड आहे."

"असंन."

"अहो, असंन काय? मी बसवलाय तो. सरळ पाइपांना तर काही झालेलंच नाही. आजही कुठल्याही जिनात लागतील." आणि मी भाव वाढवला.

"बरं."

मला राग आला. "असे कसे विकता तुम्ही? काही बोला तरी. भाव करा." बाई माझ्याकडे पाहत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्यामागे, जिनाच्या उघड्या दाराकडे होतं. मी आणखी वाढवला. पुतण्या हिशेब सोडून माझ्याकडे बघू लागला. तेव्हा सुखदेवराव, त्याच्याही मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या, माझ्या जवळ आला, माझी बाही धरून मला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आता थांबा. तुमी घेनारे हा."

सौदा झाला. बाईंना धरून मोटारीत बसवलं. सुखदेवरावाने गेट उघडलं आणि मोटार पुढे गेली, ती अगदी माझ्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली. मी जवळ गेलो. मला वाटलं, आता म्हणतील. एवढ्या वर्षांनी, जाता जाता, म्हणायला काय हरकत होती?

"टिनवाले," बाई म्हणाल्या, "बारके पाइप मोठ्याईच्या पोटात घाला. एका खेपेत जातीन."

काच वर गेली. मोटार अमरावतीच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून त्यांचा डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. तो एकदाही मागे वळला नाही.

मी ट्रकवाल्याला सांगितलं, बारके वेगळे भर, मोठे वेगळे भर, आणि मी सांगतो तसंच भर. त्याने तसं भरलं. ट्रक भरून कडेने ओसंडला आणि निम्मा माल आवारात तसाच पडून राहिला. सुखदेवराव गेटला टेकून उभा होता.  ऊन उतरायला लागलं होतं. दुसऱ्या खेपेचे पैसे ट्रकवाला आधी मागत होता.

मग सगळं पुन्हा खाली उतरवलं.

"पहिलेच असं कावून नाई भरलं, मालक?" ट्रकवाल्याने विचारलं.

"तुला काय करायचंय," मी म्हणालो, आणि पहिला बारका पाइप स्वतः उचलून मोठ्याच्या पोटात सरकवला.